मोंबासाच्या धक्क्यावरचा पेला

आमच्या घरात आफ्रिकेबद्दलचा शेवटचा शब्द वडिलांचा असे. पावसहून पूर्णगडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची वाडी. तिथे हा विषय रोज निघे अशातला भाग नाही. पण रेडिओवर तिकडची काही बातमी आली, कुणाचा भाचा तिकडे नोकरीला निघाला, की माणसं आमच्या ओटीकडे वळत. वडील मालवाहू बोटीवर कुक होते. मोंबासा, झांझिबार, दार-ए-सलाम ही नावं ते लांजा, राजापूर म्हणावं तितक्या सहज घेत. समोरच्याचं ऐकून घ्यायचं, सुपारी कातरायची आणि निकाल द्यायचा.

"मी बगितली हाय आफ्रिका. शिकण्यासारकं काय नाय तिकडं."

त्यावर कोण काय बोलणार? बाकीच्यांनी फार तर मुंबई बघितलेली.

मी मात्र बोलायची. गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. आई म्हणे, हिच्या पायाला भिंगरी आहे, ती बापाकडून आली. आणि तोंड कुणाकडून आलं ते देव जाणे. मी रत्नागिरीला कॉलेजात जायला लागले तेव्हा आईला भिंगरीचा पुरावाच मिळाला. सकाळची एस.टी. पकडायला मी केस विंचरत धावायची आणि वडील रजेवर घरी असले की थांब्यापर्यंत सोबत यायचे. गाडी सुटताना खिडकीपाशी येऊन दरवेळी तेच सांगायचे.

"प्रवासात कुणी काय खायला दिलं तर खायचं नाय."

रत्नागिरी म्हणजे काही दिल्ली नव्हे. गाडीत निम्मी माणसं ओळखीची, आणि कुणी देऊन देऊन देणार काय, तर पेरूची फोड. पण वडिलांचा नियम म्हणजे नियम. मी मान हलवायची आणि पावसच्या आत फोड खाऊन टाकायची.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला गेले त्याच सुमारास वडील बोटीवरून कायमचे घरी आले. घरात ते मावत नव्हते. पहाटे उठायचे, चूल पेटवायचे, आईचे डबे हलवून स्वतःच्या पद्धतीने लावायचे. आई ते परत जागेवर लावायची. दिवसभर हा खेळ. सूर्य कलला की वडील ओटीवर बसत, शेजारचे चार जण जमत आणि मग गोष्टी सुरू होत. त्यांच्या गोष्टींत बोटीवरून सिंह दिसे, व्हेल मासा बोटीशी शर्यत लावी, आणि या सगळ्यांच्या वरचढ होती ती मोंबासाच्या पेल्याची गोष्ट. लोक ती मागून घेत.

गोष्ट अशी. मोंबासाच्या धक्क्यावर एक उंचनिंच हमाल बोटीत पोती चढवी. वडिलांनी त्याला एकदा उरलेल्या चपात्या आणि डाळ दिली. दुसऱ्या दिवशी तो हसत हसत पत्र्याचा पेला घेऊन आला. आत कसला तरी काळपट लगदा, गरम. आता नाही म्हणावं तर हा पडला सहा फुटी. म्हणून वडिलांनी पेला घेतला, "वा वा" केलं, पाठ फिरवून बोटीच्या पलीकडल्या अंगाला गेले आणि सगळं समुद्रात ओतून दिलं. वर मिशी पुसत परत आले. रिकामा पेला बघून तो गडी इतका खूश, इतका खूश. इथे वडील त्याच्यासारखे दात काढून दाखवत, मिशी पुसून दाखवत, आणि ओटी हसून लोळायची. लहानपणी मीही लोळले आहे. माझा तर हट्ट असायचा, मिशी पुसलेली परत दाखवा.

त्या वर्षी कॉलेजात इतिहासाच्या मुलांना निवडायला एक नवा पेपर आला, आफ्रिकेचा इतिहास. शिकवायला आलेले सर घाटावरचे. आमच्या बोलण्यातले हेल त्यांना कळत नसत आणि त्यांचं "लई भारी" ऐकून आम्ही खुदुखुदु हसायचो. स्वतः मुंबईला हाच विषय शिकून आले होते आणि त्याबद्दल बोलायला लागले की त्यांना घंटा ऐकू येत नसे. वर्गात आम्ही मोजकीच मुलं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, आफ्रिका म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? सिंह, जंगल, भाले, अशी उत्तरं आली. माझ्यापाशी आल्यावर मी म्हटलं, "माझे वडील." वर्ग हसला. सर हसले नाहीत. बोटीवरचा माणूस म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, त्यांना एकदा वर्गावर आणा.

मला तो विषय भुतासारखा लागला. मराठीत पुस्तक नाही, इंग्रजी पुस्तकं दोनच, तीही पाळीपाळीने न्यायची. माझी पाळी नसली की मी चिडचिड करायची. मोठमोठी राज्यं, सोन्याचे बाजार, पोथ्यांनी भरलेली शहरं आणि आमच्याच किनाऱ्यावरून तिकडे ये-जा करणारी गलबतं. आपल्या किनाऱ्यावर जुन्या बंदरांपाशी उभी असलेली गोरखचिंच हे तिकडचं झाड, आणि जंजिऱ्याच्या सिद्दींचे पूर्वज तिकडचे, एवढं ऐकूनच मला बाकावर बसवेना. हे सगळं आपल्या अंगणात होतं आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही, याचा मला राग येई. कुणावर ते कळत नसे, म्हणून तो घरी आईवर निघे.

एक दिवस सरांनी सांगितलं की नाचणीही मुळात पूर्व आफ्रिकेतल्या डोंगराळ भागातली, फार फार पूर्वी इकडे आली. मी घरी आले ती हे सांगायलाच. वडील जेवत होते. आईने भाकरी थापता थापता हात थांबवला.

"कुटली आफ्रिका? माजे सासरे डोंगरावर पेरायचे ती. आमच्या वरकस जमिनीतली नाचणी हाय ही."

"अगं आये, त्याच्याही आधी."

"माज्या सासऱ्याच्या आदी कोण होता तिकडं?" आई म्हणाली, आणि स्वतःच हसायला लागली.

मला वाटलं वडील आता निकाल देतील. पण ते ताटात बघत राहिले. हातातली भाकरी अर्धी ठेवून उठले आणि मागीलदारी हात धुवायला गेले. त्यांनी कधी ताटात टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. पण माझं डोकं तेव्हा दुसरीकडे होतं.

पुढच्या महिन्यात सरांनी गुलामांच्या बोटी शिकवल्या. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून माणसं समुद्रापार कशी नेली, तळाशी कशी निजवली, कूस बदलायलाही जागा नसे, वर काढून खायला कसं घालत, जो खाणार नाही त्याचा जबडा कसा उघडत. सरांचा आवाज नेहमीसारखा चढत नव्हता. त्या दिवशी कुणी वहीत लिहून घेतलं नाही. बोट म्हणजे मला एकच ठाऊक होती, वडिलांची. एस.टी.तून घरी येताना मी सारखी त्या बोटीचा तळ डोळ्यांपुढे आणत होते, आणि ते थांबवावं म्हटलं तरी थांबेना.

घरी पोचले तर ओटी भरलेली. वडील मिशी पुसून दाखवत होते. सगळे हसत होते. मी पायरीवर चपला काढत उभी, आणि मला हसू आलं नाही. ते न येणं मला आवडलं नाही. आपल्या बापाच्या गोष्टीवर आपल्याला हसू येत नाही, हे काही सुखाचं नसतं. मी आत जाऊन भांडी आदळली.

त्यानंतर मी ठरवलं की मुंबईला जायचं. तिथे विद्यापीठात आफ्रिकेच्या अभ्यासाचा विभाग होता, सर तिथेच शिकले होते, आणि तिकडचे विद्यार्थीसुद्धा तिथे येत असत. राहायला मावशीची खोली होती. अडचण एकच, वडील. मामाने आधीच ठरवून ठेवलं होतं की मी बी.एड. करायचं, शाळेत लागायचं आणि उन्हाळ्यात बोहल्यावर चढायचं. मामाचं मी मनावर घेतलं नसतं, त्याला उलट उत्तरं द्यायची मला सवय होती. वडिलांना मात्र द्यायला उत्तरच नव्हतं.

"आफ्रिका शिकायला मुंबईला?" ते म्हणाले. "मी इतकी वर्सं गेलो, मला विचार. ओटीवर बसून सांगतो फुकट."

"तुम्ही सांगता ते वेगळं."

"वेगळं म्हंजे? मी बगितलंय आणि तुज्या सरानं वाचलंय. खरं कुणाचं?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्या घरात हे प्रथमच घडलं असावं.

त्यातून मला ती युक्ती सुचली. सरांनी बोलावलंच होतं. वडील वर्गावर आले, मुलं कसं मन लावून ऐकतात ते त्यांनी पाहिलं, सरांनी त्यांचा मान केला, की विषयाबद्दलचं त्यांचं मत आपोआप बदलेल आणि त्या भरात मी मुंबईचं काढीन. एवढं सगळं मी एका एस.टी.च्या फेरीत रचलं. वडिलांना सांगितलं तर ते आधी "कायतरीच" म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत वाडीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं की कॉलेजने भाषणाला बोलावलंय.

मग सुरू झाली तयारी. ट्रंकेतला कोट बाहेर निघाला, उन्हात टांगला गेला, डांबरगोळीचा वास जाईना म्हणून आईने त्याच्या खिशात सुरंगीची फुलं घातली. वडिलांनी केस कापून घेतले. मिशीला कात्री लावताना ते आरशात बघत होते आणि मला धडकी भरली. ते ती गोष्ट सांगणार. मिशीसकट सांगणार.

"बाबा," मी म्हटलं, "ती पेल्याची गोष्ट नका सांगू."

"का? तीच तर सगळ्यांना आवडते."

"वर्गात नाही आवडणार."

"कॉलेजातली पोरं हसत नायत काय?"

खरं कारण मला सांगता येईना. तुमच्या गोष्टीतला तो हमाल आम्हाला आता वेगळा दिसतो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? सांगितलं तर ते यायचेच नाहीत. न सांगावं तर ते ती गोष्ट सांगणारच. मी तो आठवडा जेवायला बसून न जेवताच उठत होते. वाचायला घेतलं की तीच ओळ. आईला वाटलं कावीळ झाली, तिने मला काढा पाजला.

ठरलेल्या दिवशी वडील कोट घालून वर्गात आले. सरांनी नारळ दिला, खुर्ची दिली. वडील खुर्चीत बसले नाहीत, उभेच राहिले. सुरुवात छान झाली. बोटीवर दिवस कसा उगवतो, इतक्या माणसांची कणीक कशी मळतात, वादळात डाळ कशी उतू जाते, हे त्यांनी असं सांगितलं की मुलं पुढे सरकून बसली. सिंह बोटीवरून दिसतो हे आल्यावर सरांनी खिडकीबाहेर बघितलं, पण काही बोलले नाहीत. मी जरा सैल झाले. तेवढ्यात वडिलांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आता एक गंमत सांगतो."

त्यांनी ती पूर्ण सांगितली. चपात्या, डाळ, पेला, बोटीची पलीकडली बाजू, समुद्र. मिशी पुसून दाखवली, दात काढून दाखवले आणि थांबले. ओटीवर जिथे हशा पिकायचा, तिथे ते थांबले.

कुणीही हसलं नाही. मुलं उद्धट नव्हती. त्यांना हसूच आलं नाही. वडिलांना वाटलं नीट ऐकू गेलं नसावं, त्यांनी मिशी परत पुसली. मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं, आणि उठून वडिलांशेजारी उभं राहावंसंही वाटत होतं. मी बाकाची कड धरून बसले.

मग आमच्यातली एक मुलगी उभी राहिली. ती आतल्या गावची, शेतकऱ्याच्या घरातली, सबंध वर्षात वर्गात तोंड न उघडलेली. तिने अगदी साधेपणाने विचारलं, "काका, त्यानं तुमच्या हातचं खाल्लं होतं?"

"खाल्लं की. बोटं चाटून खाल्लं."

"मग त्या पेल्यात काय होतं?"

"होता कसला तरी लगदा."

"पण तुम्ही कुक ना? वासावरून कळलं असेल."

स्वयंपाकाच्या बाबतीत वडिलांना कधी खोटं बोलता आलेलं नाही. आईच्या आमटीत मीठ कमी असलं तरी त्यांच्या तोंडावर दिसायचं.

"नाचण्याची आंबील," ते म्हणाले.

वडिलांनी टेबलावरचा नारळ उचलला आणि परत ठेवला. मग कुणी न विचारता हळू आवाजात म्हणाले, "माजी आय करायची तशीच. तोच वास. बोटीवर पयल्यांदा चढलो तवाच जुन्या लोकांनी सांगितलं होतं, तिकडच्यांच्या हातचं खायचं नाय. म्हणून..." नारळाची शेंडी सारखी करत ते म्हणाले, "दुसऱ्या दिवशी परत घेऊन आला. बोट धक्क्याला होती तवर रोज आणायचा."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. ओटीवरची गोष्ट पहिल्याच पेल्यापाशी संपायची.

"त्यांचं नाव काय होतं?" त्या मुलीने विचारलं.

वडिलांनी नकारार्थी मान हलवली आणि खुर्चीत बसले. सरांनी आभार मानले. काय बोलले ते मला एक अक्षर आठवत नाही.

परतीच्या एस.टी.त आम्ही शेजारी बसलो होतो. माझी युक्ती माझ्याच अंगावर उलटली होती. मुंबई राहिली बाजूला, मी माझ्या बापाला पोरांपुढे उभं करून खाली पाहायला लावलं होतं. वडील खिडकीतून बाहेर कातळसड्यावरचं वाळलेलं गवत बघत होते. गाडी थांबली तेव्हा ते नारळ सीटवरच विसरून उतरले. मी तो घेऊन मागोमाग गेले.

त्या संध्याकाळी ते ओटीवर बसले नाहीत. लोक आले, भाषण कसं झालं विचारून गेले. आईने "दमलेत" म्हणून वेळ मारून नेली. पुढेही कधी ती गोष्ट झाली नाही. कुणी मागितली तर वडील म्हणत, "जुनी झाली ती."

माझी परीक्षा झाली. मी मुंबईचं नाव काढलं नाही. मला अभ्यास नको झाला होता असं नाही. उलट रात्रंदिवस तेच डोक्यात, पण विचारायचं तर कोणत्या तोंडाने? मी मागच्या अंगणात येरझारा घालायची. आई म्हणायची, जमीन झिजेल.

मग निकाल लागल्यावर मामा पेढे घेऊन आला आणि ओटीवर बसून बी.एड.चं बोलायला लागला. मी आतून ऐकत होते. बोलता बोलता तो हसला आणि म्हणाला, "हिला म्हणे आफ्रिका शिकायची होती. दाजी, तुमीच सांगा, शिकण्यासारकं काय हाय तिकडं? तुमी तर बगितलीय."

सुपारी कातरायचा आवाज थांबला.

"मी कुटं बगितली?" वडील म्हणाले. "मी धक्का बगितला. आफ्रिका बगायला ती जायल."

मामा पुढे काहीबाही बोलला. इतके महिने येरझारा घालणारी मी दाराआड उभी होते तिथेच खाली बसले. आईने माझ्याकडे बघून भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

मुंबईला निघाले तो दिवस दमट होता. वडील रत्नागिरी स्टँडपर्यंत आले. माझी ट्रंक त्यांनीच टपावर चढवली, आईने दिलेली नाचणीच्या पिठाची पिशवी माझ्या पायाशी ठेवली. गाडीत मुंबईकर चाकरमान्यांची गर्दी, शेजारच्या बाई आत्ताच डबा उघडायच्या बेतात. कंडक्टरने घंटी दिली. वडील खिडकीपाशी आले आणि मी सवयीने मान हलवायला सुरुवात केली.

त्यांनी खिडकीच्या गजाला धरलं. वाक्य अर्ध्यावर आलं आणि थांबलं.

"प्रवासात कुणी काय खायला दिलं..." ते म्हणाले. गाडी हलली. ते दोन पावलं सोबत चालले. "दिलं तर खा. आणि नाव विचार."